आकाशातली चाळ

माझा भाचा रात्री जेवण आटोपलं की मुंबईच्या विमानतळावर विमानं उतरवायला बसतो. विमानं खोटी, विमानतळ खोटा, पण हेडफोनमधून त्याच्याशी बोलणारी माणसं खरी. २००१ साली सुरू झालेलं व्हॅटसिम नावाचं एक जागतिक जाळं आहे. त्यावर हौशी मंडळी घरबसल्या संगणकावर विमानं चालवतात आणि दुसरी हौशी मंडळी हवाई नियंत्रक होऊन त्यांना वाट देतात. नियंत्रक व्हायचं तर शिकावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. मी बी. ए., तोही मराठी घेऊन. आकाशाशी माझा संबंध कवितेपुरताच. पण झोप आली नाही की त्याच्या मागे खुर्ची टाकून बसतो.

मुंबईच्या दोन मुख्य धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरायची. शिवाय जड विमानाच्या मागे हवेत भोवरे उठतात. त्यामागून मध्यम आकाराचं विमान येत असेल तर पाच नॉटिकल मैलांचं अंतर हवं. गर्दी वाढली की भाचा आधी लांबूनच वेग कमी करायला सांगतो, मग वळणं देऊन वाट लांबवतो. तेवढ्यानं भागलं नाही तर होल्डिंग.

होल्डिंग म्हणजे ठरलेल्या जागी घिरट्या. एक मिनिट वळायचं, एक मिनिट सरळ, पुन्हा एक मिनिट वळायचं, एक मिनिट सरळ. चार मिनिटांत घाण्याचा बैल मूळ जागी! चौदा हजार फुटांच्या वर सरळ जाणं दीड मिनिटाचं. आणि एकाच जागी अनेक विमानं असतील तर ती एकावर एक, हजार हजार फुटांवर. मला ती चाळच वाटते. तळमजल्यावरचा बाहेर पडला की प्रत्येकानं एकेक मजला खाली यायचं. नवा पाहुणा सगळ्यांत वर.

शिकत असताना भाच्यानं एकदा वरच्या विमानाला आठ हजारांवर यायला सांगितलं. आठ हजारांवरचं विमान अजून तिथेच होतं. शिकवणाऱ्यानं तिथल्या तिथे सराव थांबवला. खालच्या भाडेकरूनं खोली सोडली असं त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय वरच्याला किल्ली द्यायची नाही! कुणाचा जीव जाणार नव्हता, तरी त्या रात्री पोरगं जेवलं नाही.

मला या सगळ्यात आवडली ती एक गोष्ट. नुसतं ‘थांबा’ म्हणून चालत नाही. केव्हापर्यंत, ते घड्याळाच्या वेळेत सांगावं लागतं. त्यावरून वैमानिक इंधनाचा हिशेब करतो, आणि रेडिओ बंद पडला तर केव्हा खाली निघायचं तेही त्याला कळतं. मी आयुष्यभर किती खिडक्यांसमोर उभा राहिलो. अशी वेळ मला कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संगणकावरही पाऊस लावलेला, चाळीत सहा विमानं. वरून दुसऱ्या मजल्यावरचा एक कोवळा आवाज म्हणाला, इंधन जरा कमी आहे, लवकर घेता आलं तर बरं. मला वाटलं, किती अदबीनं बोलतो! भाच्याचा चेहरा मात्र बदलला. त्यानं विचारलं, “तुम्ही आणीबाणी जाहीर करताय का?” पलीकडे शांतता.

“मामू, असंच एकदा खरं झालंय,” माईक बंद करून तो म्हणाला. २५ जानेवारी १९९०. आव्हियांका कंपनीचं बोइंग ७०७, फ्लाइट ५२, कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं. हवा खराब. तीन ठिकाणी मिळून सत्त्याहत्तर मिनिटं त्याला घिरट्या घालाव्या लागल्या. वेळ दिली जायची आणि पुढे ढकलली जायची. सहवैमानिकानं प्राधान्य मागितलं, इंधन संपत आल्याचंही सांगितलं. पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्याच्या तोंडून नियंत्रकांपर्यंत गेलाच नाही. पहिल्या प्रयत्नात उतरता आलं नाही. दुसऱ्यासाठी वळून येताना इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोसळलं. १५८ पैकी ७३ माणसं गेली. चौकशी अहवालानं वैमानिकांना दोष दिला, वाहतुकीच्या नियोजनालाही दिला. आणि इंधन संपत आल्याचं सांगायला सगळ्यांना एकसारखे कळणारे ठरावीक शब्द नाहीत, हेही नोंदवलं.

ते शब्द आंतरराष्ट्रीय नियमांत आले २०१२ साली. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आता आणखी उशीर परवडणार नाही. ‘मेडे फ्युएल’ म्हणजे आणीबाणी. पहिल्यानं रांग बदलत नाही, दुसऱ्यानं बदलते. आम्ही कवी एका शब्दाचे दोन अर्थ निघाले तर खूश होतो. मी गप्प बसलो.

एवढ्यात तो कोवळा आवाज परत आला. मेडे, मेडे, मेडे, फ्युएल. भाच्यानं त्याला चाळीतून बाजूला काढलं, मोकळ्या वाटेनं खाली आणलं. मग बाकीच्या पाचही जणांना एकेक करून नवी वेळ सांगितली. तळमजल्यावरचा कुरकुरला, माझा नंबर होता म्हणून. त्यालाही वेळ दिली, बारा वाजून चार मिनिटं.