लंडन पाहावे बाबासाहेबांच्या वाटेने

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मायदेशाहून पाहुणे आले की आपण त्यांना लंडन दाखवावयास नेतो. टॉवर ऑफ लंडन, बिग बेन, बकिंगहॅम राजवाडा आणि मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे, हा आपला ठरलेला क्रम. एका उन्हाळ्यात नागपूरहून आलेल्या आमच्या वृद्ध आप्तांनी दुसऱ्याच दिवशी विचारले, "बाबासाहेब राहात होते ते घर कोणत्या बाजूला?" या शहरात आमची अठरा वर्षे गेली होती. घरात बाबासाहेबांची तसबीर होती, चौदा एप्रिल आम्ही कधी चुकविला नव्हता. पण त्या घरी जाण्यासाठी आम्हांस नकाशा उघडावा लागला. मेणाच्या पुतळ्यांपासून ते घर पायी पाऊण तासाच्या आत आहे, हे त्या दिवशी कळले. तेव्हा वाटलेली शरम आज आपणांसमोर मोकळेपणाने सांगतो, कारण ती एकट्या आमची नसावी.

हे घर म्हणजे उत्तर लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म स्थानकावरून थोडे चालले की प्रिमरोझ हिलच्या पायथ्याशी ही शांत, सुखवस्तू वस्ती लागते. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब येथे राहात होते, असे दारावरील निळी पाटी सांगते. महाराष्ट्र शासनाने ही वास्तू २०१५ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला तिचे स्मारक म्हणून उद्घाटन झाले. निवासी वस्तीत संग्रहालय नको, म्हणून स्थानिक कौन्सिलने २०१८ मध्ये परवानगी नाकारली. रीतसर चौकशी होऊन मार्च २०२० मध्ये ब्रिटिश शासनाने ती दिली. कागदोपत्री लढा देऊन मिळविलेले हे घर आहे. ते पाहणाऱ्यांवाचून ओस राहू नये.

परंतु केवळ त्या घरी जाऊन, फुले वाहून परतणे आम्हांस अपुरे वाटते. बाबासाहेब या शहरात प्रेक्षणीय स्थळे पाहण्यास आले नव्हते. १९१६ मध्ये ते प्रथम येथे आले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून केलेली शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा आले. येथील प्रत्येक दिवस त्यांनी पोटाला चिमटा घेऊन विकत घेतला होता. रात्री भूक अनावर झाली की पापड भाजून कपभर दुधाबरोबर खात आणि पुन्हा वाचावयास बसत, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे.

म्हणून आमची सूचना अशी की, मुलांना घेऊन एक पूर्ण दिवस काढावा आणि या घरापासून ब्रिटिश म्युझियमपर्यंत पायी जावे. अंतर सुमारे चार किलोमीटर आहे. प्रिमरोझ हिलच्या माथ्यावरून सारे शहर दिसते. पुढे रीजंट्स पार्क ओलांडावे आणि ब्लूम्सबरीत उतरावे. मुले दमतील, कुरकुरतील. तेव्हा पापडांची गोष्ट सांगावी. म्युझियममध्ये १८५७ साली उघडलेले घुमटाचे गोल वाचनालय आहे. सकाळी दार उघडताच बाबासाहेब तेथे येत आणि बंद होईपर्यंत उठत नसत. तेथील ग्रंथसंग्रह आता सेंट पँक्रास येथील ब्रिटिश लायब्ररीत आहे. म्युझियममध्येच अमरावतीच्या महास्तूपाची शिल्पे आहेत; तथागतांच्या चरणचिन्हांपुढे मुलांना घटकाभर अवश्य उभे करावे.

तेथून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स जवळच आहे. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी येथून मिळविल्या. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांच्या आक्षेपांमुळे त्यांना पुन्हा लिहून द्यावा लागला होता. परीक्षेत गुण कमी पडले म्हणून खिन्न होणाऱ्या आपल्या मुलांना ही हकीकत ठाऊक असावी. संस्थेतील त्यांचा अर्धपुतळा ब्रिटनमधील आंबेडकरी व बौद्ध संघटनांनी १९९४ मध्ये भेट दिलेला आहे.

शेवटचा टप्पा ग्रेज इन. येथून १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. बॅरिस्टर होण्यासाठी केवळ परीक्षा पुरत नसे. प्रत्येक सत्रात ठरावीक वेळा सभागृहात इतरांसमवेत भोजनास बसावे लागे, असा तेथील जुना नियम. बंधुजनहो, या नियमाचा अर्थ आपल्याशिवाय कोणास अधिक कळावा? ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांच्यातील एकाला येथे पंक्तीत बसल्यावाचून सनदच मिळणार नव्हती! पाचच वर्षांनी, १९२७ मध्ये, महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी ओंजळ भरली. ते जुने सभागृह १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात जळाले आणि पुढे पुन्हा उभारले गेले. परंतु पंक्तीचा अर्थ जळालेला नाही.

याची गरज काय, असे कोणी विचारील. गरज आहे. येथे जन्मलेल्या आपल्या मुलांना आपल्याच देशबांधवांकडून आडनावाचा अर्थ विचारला जातो आणि ती गोंधळून घरी येतात. आमच्याही घरी हे घडले. त्या वेळी आमच्यापाशी उत्तर होते ते राग आणि मौन. आज आम्ही मुलांना या वाटेवर नेतो. आपण या शहरात कोणाच्या मेहेरबानीने आलेलो नाही. या रस्त्यांवरून आपला एक पूर्वज उपाशीपोटी ज्ञानाकडे चालत गेला आणि १९३० मध्ये सेंट जेम्स राजवाड्यातील गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणून बोलला, हे पायांना ठाऊक झाले की मान आपोआप ताठ होते.

त्या संध्याकाळी परतताना एकच करावे. आपल्या वस्तीतील सार्वजनिक ग्रंथालयात मुलांचे नाव नोंदवावे. मोठ्यांनी ब्रिटिश लायब्ररीचे विनामूल्य वाचकपत्र काढावे. हार सुकतो, वाचकपत्र वापरले तर वर्षभर टिकते. बाबासाहेबांना याहून प्रिय असे अभिवादन दुसरे कोणते असणार?