गोड ज्वारी, कडू कायदा

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज ज्वारीच्या धांड्यातून निघणाऱ्या इंधनाबद्दल बोलायचे आहे.

फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. बी. व्ही. निंबकर यांनी ती १९६८ साली काढली. ती सरकारी खाते नाही, नफा वाटून घेणारी कंपनीही नाही. अमेरिकेत शिकलेले डॉ. अनिल राजवंशी १९८१ साली तिथे आले. या मंडळींनी ‘मधुरा’ हे गोड ज्वारीचे वाण दिले. वर कणीस, खाली उसासारखा रस. रस आंबवून उन्हाच्या उष्णतेवर अल्कोहोल काढून दाखवले. पुढे त्यांनी निम्म्याच्या आसपास पाणी असलेल्या अल्कोहोलवर चालणारे स्टोव्ह आणि कंदील तयार केले. शुद्ध अल्कोहोल काढायला मोठा कारखाना लागतो, पाणी मिसळलेले गावात निघते. खरी हुशारी इथे आहे.

मग तो स्टोव्ह तुमच्या घरात का नाही? संशोधन कमी पडले म्हणून नाही. अबकारी कायदा आडवा आला. जाळायचे अल्कोहोल कोणी पिईल, ही सरकारला काळजी! (पिणाऱ्यांचे कुठे अडले आहे, हे तुम्हीच सांगा.) त्यात तेव्हा रेशनचे रॉकेल सरकारी पैशाने स्वस्त केलेले होते. त्याच्याशी आपल्या धांड्याने टक्कर द्यायची होती.

अशा संस्थांना पैसा प्रकल्पापुरता मिळतो, दोन-तीन वर्षांचा. तेवढ्यात तीन खरीप येतात आणि त्यातला एखादा पाऊस दगा देतो. निष्कर्ष हाती येईपर्यंत निधी संपतो, शिकलेली पोरे दुसरीकडे जातात.

२०१८च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात गोड ज्वारीचे नाव आले, हे खरे. पण पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल पाणी काढलेले लागते, म्हणजे पुन्हा मोठा कारखाना. तोडलेल्या धांड्यातली साखर टिकत नाही. कारखाना लांब असला तर रस गाडीतच आंबतो. शिवाय हंगाम थोडा, मग उरलेले वर्ष यंत्रे काय करणार?

शास्त्रज्ञांशीही आपले एक भांडण आहे. हिशेब मांडताना ते धांडा टाकाऊ धरतात. कोरडवाहू माणसाला कडबा म्हणजे बैलांचे वर्षाचे पोट. रस काढलेला चोथा जनावर खाते, पण गेलेल्या कडब्याची भरपाई कोण करणार? कच्चा माल फुकट धरला की कोणतेही इंधन स्वस्तच पडते.

म्हणून आजच्या ठरावात दोन मागण्या आहेत. इंधनासाठी गावात अल्कोहोल काढायला परवान्याची अट नको. आणि धांड्याचा भाव त्या दिवशीच्या कडब्याच्या बाजारभावापेक्षा कमी असेल, तर कोणत्याही प्रकल्पाला धांडा द्यायचा नाही. ठराव वाचून दाखवतो. ज्यांची हरकत असेल त्यांनी उभे राहून बोलावे.