डोळ्यांतील पाणी आणि मज्जातंतू
(चिरनेर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येते, हे सर्वांना ठाऊक आहे. ते येते कसे? कांद्याची वाफ डोळ्यातील बारीक मज्जातंतूंना झोंबते. ते मेंदूला वर्दी देतात आणि मेंदू दुसऱ्या मज्जातंतूवाटे अश्रुग्रंथीला हुकूम सोडतो. नाकात तिखट गेले तरी हेच घडते. कारण नाक आणि डोळा या दोघांचीही वर्दी पाचव्या मस्तिष्क-मज्जातंतूतूनच जाते.

अश्रू केवळ दुःखाचे नसतात. पापणी मिटताच त्यांचा पातळ थर बुबुळावर पसरतो. तो अपुरा पडला किंवा लवकर सुकला, की डोळे चुरचुरतात, अक्षरे धूसर होतात. कधी उलट पाणी वाहते, आणि मग कोरडेपणाची शंकाही येत नाही.

आजवर यावर बाहेरून कृत्रिम अश्रू घालत. आता ग्रंथीलाच जागे करण्याचे उपाय निघाले आहेत. अमेरिकेत 2017 साली नाकपुड्यांत धरून सौम्य विद्युतप्रवाह देणाऱ्या उपकरणास मान्यता मिळाली. पुढे त्याची विक्री बंद झाली. 2021 साली व्हॅरेनिक्लिन या औषधाचा नाकातील फवारा आला. तंबाखू सोडविण्यासाठी पूर्वीपासून दिले जाणारेच हे औषध! फवाऱ्याने अनेकांना शिंका येतात. 2025 साली थंडाव्याची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंना चेतविणारे थेंबही मान्य झाले.

पण मित्रहो, प्रत्येक कोरडा डोळा यांनीच बरा होईल असे नाही. पापण्यांच्या कडांतील तेलग्रंथी तुंबल्या असतील तर शेकच अधिक उपयोगी पडतो. म्हणून आधी तपासणी हवी. शर्मर यांनी 1903 साली सुचविलेली कागदी पट्टी पापणीत पाच मिनिटे ठेवून अश्रू मोजतात. इतकी ती सोपी आहे. नेत्ररुग्णालये पनवेललाही आहेत.

पालकांनो, मुलगा पुस्तक मिटून डोळे चोळू लागला, तर त्याला आळशी ठरवू नका, डॉक्टरांना दाखवा. दुकानातून मनाने थेंब आणू नका. त्यांत स्टिरॉइड असल्यास काचबिंदूचा धोका असतो. चुलीचा धूर टाळा. विद्यार्थ्यांनो, मोबाईल पाहताना आपण पापण्या मिटायलाच विसरतो. तेव्हा मधूनमधून नजर दूर न्या आणि पापण्या पूर्ण मिटा.

ज्या डोळ्यांनी विद्या मिळवायची, त्यांची निगा राखणे हाही अभ्यासाचाच भाग आहे.