हुसेनसागर हिरवा का होतो?

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



विसर्जनाला टँक बंडवर गेलो की कोणीतरी म्हणतेच, "पाणी बघा कसं हिरवं झालंय! आपल्या मूर्तींनीच तलाव घालवला." आम्ही सरकारी नोकरीत, पाण्याच्या कामावर. शिक्षण डिप्लोमाचे, त्यामुळे विद्वत्ता नाही. पण हिशेब सांगू शकतो.

तो रंग मूर्तीचा नाही. ते शेवाळ आहे, जिवंत. मायक्रोसिस्टिस ही त्यातली एक जात. तिच्या पेशींत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, म्हणून ती वर तरंगते आणि वारा तिला सायीसारखी काठाला आणून लावतो. ऊन आणि ऊब तिला हैदराबादेत फुकट. अडते ते खतापाशी, म्हणजे नत्र आणि स्फुरद; त्यातही स्फुरदापाशी जास्त. १९७३ साली कॅनडात डेव्हिड शिंडलर यांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा लावला. एका बाजूला कार्बन आणि नत्र सोडले, दुसरीकडे त्यासोबत स्फुरदही. स्फुरदाची बाजू हिरवीगार झाली. एक ग्रॅम स्फुरदावर सुमारे १०० ग्रॅम सुके शेवाळ पोसते!

प्लास्टरच्या मूर्तीत हे खत नसते. तिचे रंग पाण्याला वाईटच, पण तो वेगळा विषय. निर्माल्य आणि नैवेद्यात मात्र थोडे असते. खरा पुरवठा संडास, मोरी आणि कपड्यांच्या पावडरीचा. कुकटपल्ली नाला विसर्जनाची वाट पाहत नाही. तो ३६५ दिवस वाहतो.

नाले आज बंद केले तरी तळाच्या गाळात जुनी उधारी आहे. तळाचा प्राणवायू संपला की गाळातल्या लोहाने धरून ठेवलेले स्फुरद सुटून पुन्हा वर येते. शेवाळ रात्री प्राणवायू खाते, मेल्यावर कुजताना आणखी खाते, आणि पहाटे मासे उलटे तरंगतात.

शिवाय विष. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत ईरी सरोवराचे पाणी पिणाऱ्या टोलेडो शहरात चार लाखांवर लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले. हे विष यकृताला धरते आणि उकळून जात नाही. हुसेनसागरही एके काळी शहराला पिण्याचे पाणी देत होता.

आता घरची गोष्ट. आमच्याच अपार्टमेंटची सांडपाण्याची लाइन पावसाच्या पाण्याच्या गटारीला जोडलेली निघाली. लोकांना हिशेब सांगणाऱ्या आम्हालाच ते आठ वर्षे ठाऊक नव्हते! कमिटीत खर्चावरून दोन वर्षे वाद झाले, गेल्या उन्हाळ्यात जोडणी बदलली. तुमच्या इमारतीची लाइन कुठे जाते, ते सेक्रेटरींना विचारा. अडचण आली तर आम्ही येऊन झाकण उघडून बघू.

निर्माल्याचा कलश यंदा मांडवाच्या दाराशीच ठेवला आहे.