टिपणे : घरटे, पक्षी आणि कॅमेरा



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक घरट्यांच्या छायाचित्रणाविषयी बोलणार, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी पक्षितज्ज्ञ नव्हे. छायाचित्रकार तर नव्हेच. शब्दांची उठाठेव हा माझा जन्मभराचा व्यवसाय, आणि या विषयाकडे मला एका शब्दानेच आणून सोडले. तो शब्द म्हणजे 'टिपणे'.

चिमणी दाणे टिपते. नेमबाज सावज टिपतो. विद्यार्थी व्याख्यानातले मुद्दे टिपून घेतो आणि त्याला आपण टिपण म्हणतो. टीपकागद शाई टिपतो. आई पदराने लेकराचे डोळे टिपते. आणि कॅमेरा आपल्याकडे आल्यावर छायाचित्रकारही 'क्षण टिपू' लागला. इंग्रजीने कॅमेऱ्यासाठी बंदुकीचेच क्रियापद उचलले. मराठीने जो शब्द निवडला त्यात बंदूक आहे, चोच आहे, लेखणी आहे आणि पदरही आहे. घरट्यावर बसलेल्या पक्ष्याचे चित्र आपण टिपतो, तेव्हा यांपैकी कोणता अर्थ प्रत्यक्षात घडतो, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

आपल्या हैदराबादपासूनच आरंभ करू. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचे नाव आपणां सर्वांना परिचित आहे. महाल, मेजवान्या, फौजा यांच्याबरोबर त्यांनी शिकारीचीही पुष्कळ छायाचित्रे घेतली. १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन वरंगळकडील नेकोंडा भागात शिकारीला आले, तेव्हाचे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. पुढे आडवा पडलेला वाघ, मागे ऐटीत उभी असलेली व्हाइसरॉय दांपत्याची आकृती. या मुलखातल्या वन्य प्राण्यांची सर्वांत जुनी प्रसिद्ध छायाचित्रे ही अशी, मेलेल्या वाघांची आहेत. याचे कारण केवळ दरबारी बडेजाव हे नव्हे. तिकाटण्यावरचा अवजड कॅमेरा, काचेच्या मंद प्लेटी. झुडपातून चालणारा जिवंत वाघ त्या यंत्राच्या आवाक्यातलाच नव्हता. त्या कॅमेऱ्याला जे हवे होते ते मेलेल्या वाघापाशी भरपूर होते. ते म्हणजे स्थैर्य.

नेमकी हीच अडचण त्याच सुमारास इंग्लंडमध्ये पक्ष्यांच्या वेड्यांना भेडसावत होती. उडता पक्षी टिपता येत नाही. मग स्थिर पक्षी कोठे सापडेल? उत्तर उघड होते. वर्षातले काही आठवडे पक्षी एका ठरावीक जागी पुनःपुन्हा येतो आणि तेथून त्याला दूर जाता येत नाही. ती जागा म्हणजे घरटे. रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२ साली अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले, आणि १८९५ साली 'ब्रिटिश बर्ड्स नेस्ट्स' हे केवळ प्रत्यक्ष छायाचित्रांनी सजवलेले त्यांचे पुस्तक निघाले. पक्ष्याच्या जवळ जाता यावे म्हणून त्यांनी बैलाचे पोकळ सोंग तयार करून त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन उभे राहण्याचाही उद्योग केला. या मंडळींना हसण्याचे कारण नाही. तो काळ अंडी गोळा करण्याच्या छंदाचा होता. मुले-माणसे घरटी लुटून अंड्यांच्या पेट्या भरीत. त्या पेटीऐवजी चित्र घरी नेता येते, हे कीर्टन बंधूंनी लोकांना दाखवले. हे त्यांचे उपकार मोठे आहेत.

तेव्हा मुद्दा ध्यानात घ्यावा तो असा : घरट्याचे छायाचित्रण जन्माला आले ते कॅमेऱ्याच्या असमर्थतेतून. पक्षी घरट्याशी बांधलेला असतो, म्हणून तो टिपता येत असे.

आपल्याकडे या विद्येचा विचार डॉ. सालिम अली यांच्यावाचून होऊ शकत नाही. १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीम येथे, हाती नोकरी नसताना, त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीसमोर शिडी उभारली, वर कॅनव्हासचा आडोसा केला आणि तासन्‌तास बसून टिपणे घेतली. त्यातून जे कळले ते मराठी माणसाने नीट ऐकावे असे आहे. ज्या कौशल्यावरून आपण या पक्ष्याला 'सुगरण' असे स्त्रीलिंगी नाव दिले, ते कौशल्य नराचे! तो खोपा अर्धा विणतो. मादी येते, पारखते, पसंत पडला तर राहते. आणि हे गृहस्थ मग दुसरा खोपा विणायला घेऊन दुसरे बिऱ्हाड मांडतात. बहिणाबाईंनी सुगरणीवर लिहिलेली कविता यामुळे उणी ठरत नाही. कवितेचे सत्य वेगळे असते. पण पक्ष्याचे सत्य शिडीवर बसल्यावाचून कळले नसते.

पुढच्याच वर्षी ते आपल्या संस्थानात आले. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानाचे पक्षिसर्वेक्षण केले. पगार नको, फिरतीचा खर्च तेवढा द्या, या अटीवर. तेव्हा मराठवाडाही याच संस्थानात होता, म्हणजे आपल्यापैकी कित्येकांच्या मूळ गावांचे पक्षी त्या नोंदींत आहेत. तो वृत्तांत १९३३-३४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. त्या काळच्या शास्त्रीय शिरस्त्याप्रमाणे नमुन्यादाखल पक्षी मारूनच गोळा केले जात. म्हणजे एकाच माणसाने एका वर्षी पक्षी लेखणीने टिपले आणि दुसऱ्या वर्षी बंदुकीने. यात मला विसंगती दिसत नाही. जे ठाऊक नव्हते ते ठाऊक करून घेण्याचे तेव्हा उपलब्ध असलेले ते मार्ग होते. आज त्याच पक्ष्यावर कोणी बंदूक रोखली तर 'सालिम अलींनीही मारले होते' हे उत्तर आपण ऐकून घेणार नाही. घरट्यासमोरच्या कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र हेच उत्तर आपण सर्रास ऐकून घेतो.

दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडताना तेथून निसटून भारतात आलेले लोक वान थो हे धनिक गृहस्थ सालिम अलींचे स्नेही झाले. त्यांची पक्षिचित्रे अप्रतिम. १९५७ साली 'अ कंपनी ऑफ बर्ड्स' हे त्यांचे पुस्तक निघाले. उंच घरट्याच्या पातळीवर मचाण बांधायचे, तेही एकदम नव्हे, पक्ष्याला सवय होईल अशा बेताने. आणि मग आत बसून वाट पाहायची, ही त्या पिढीची रीत. लपणात दोघांनी शिरावे व एकाने बाहेर पडून निघून जावे, म्हणजे माणूस गेला असे पक्षी समजतो, ही युक्तीही तेव्हाचीच. एरिक हॉस्किंग या इंग्रज छायाचित्रकारावर १९३७ साली घरट्यापाशी घुबडाने झडप घातली आणि त्यांचा एक डोळा कायमचा गेला. त्यांनी आपल्या आत्मचरित्राला 'अ‍ॅन आय फॉर अ बर्ड' असे नाव दिले. विनोदबुद्धी वाखाणण्याजोगी आहे. पण त्या घुबडाचे म्हणणे काय होते, तेही त्या रात्री पुरेसे स्पष्ट झाले होते.

आता काळ बदलला. रविवारी सकाळी अमीनपूरच्या तलावाकाठी जाऊन पाहा. तोफेएवढ्या भिंगांच्या रांगा लागलेल्या असतात. सेकंदाच्या दोन-तीन हजाराव्या भागात चित्र उमटते. खंड्याने पाण्यात घेतलेली बुडी, घारीचे वळण, सारे शंभर पावलांवरून निघते. ज्या असमर्थतेमुळे माणूस घरट्यापाशी गेला होता ती उरलेली नाही. सवय मात्र उरली आहे. आणि पूर्वीचा छायाचित्रकार पंधरा दिवस खर्ची घालून एकटा येत असे. आज घरटे कोठे आहे याची बातमी दुपारपर्यंत शंभर जणांच्या खिशातल्या फोनवर पोचते.

कोकणात पावसाळ्यात तिबोटी खंड्या विणीला येतो. मुठीएवढा, जांभळ्या-नारिंगी रंगांचा हा पक्षी ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. कर्नाळ्याला, चिपळूणकडे त्याच्यासाठी छायाचित्रकारांची रीघ लागते. बिळासमोर सोयीची काटकी रोवायची, म्हणजे चोचीत पाल किंवा बेडूक घेऊन आलेला पक्षी त्यावर बसतो आणि चित्र साधते. समोर माणसांची भिंत असेल तर तो बिळात शिरत नाही, दूर बसून राहतो. तेवढा वेळ आत पिल्ले उपाशी असतात. त्या चित्राखाली 'मातृत्व', 'वात्सल्य' असे मथळे येतात. शब्दांच्या माणसाला येथे राहवत नाही. ते वात्सल्याचे चित्र नव्हे. वात्सल्य अडवून धरल्याचे ते चित्र आहे.

आणि दख्खनचे ऊन! आपली टिटवी उघड्या माळावर, खड्यांच्या मधोमध अंडी घालते. मे महिन्यात हैदराबादचा पारा चाळिशीपलीकडे जातो. त्या वेळी टिटवी अंडी उबवीत नसते, त्यांवर सावली धरून उभी असते. पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून अंडी गार करते. पंचतंत्रातल्या मित्रभेदात टिट्टिभाच्या जोडप्याची कथा आहे. समुद्राने अंडी नेली, पक्ष्यांनी गरुडापाशी गाऱ्हाणे नेले आणि विष्णूच्या धाकाने समुद्राला ती परत करावी लागली. माळावरच्या टिटवीला गरुडापर्यंत जाण्याइतका अवधी नसतो. तिला उठवून आपण भिंग जुळवीत बसलो, तर उन्हात अंड्यातला जीव थोड्याच वेळात जातो. विशेष म्हणजे अंडी फुटत नाहीत, दिसायला जशीच्या तशी राहतात. छायाचित्रकार समाधानाने घरी जातो आणि आपल्या हातून काही घडले हे त्याला कळतही नाही.

झाडावरच्या घरट्यांची तऱ्हा वेगळी. समोरची फांदी आड येते म्हणून ती छाटली जाते. जुने लोक निदान ती दोरीने बाजूला बांधीत आणि जाताना सोडीत. त्या फांदीमागे पक्ष्याने सारा संसार दडवलेला असतो. ती गेली की ऊन आत येते, आणि उन्हापाठोपाठ कावळा येतो, भारद्वाज येतो. माणूस कोठे घुटमळतो यावर कावळ्याचे बारीक लक्ष असते.

आपल्या कायद्याने या बाबतीत मोठे मार्मिक काम केले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाची व्याख्या दिली आहे. मारणे, पकडणे, सापळा लावणे हे तर तीत आहेच. पण वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे, आणि अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे, हेही त्याच व्याख्येत घातले आहे. मी आयुष्यभर कोश चाळले. एखाद्या शब्दाचा अर्थ इतक्या नेमकेपणाने विस्तारलेला क्वचितच पाहिला. ब्रिटनमध्येही १९८१ च्या कायद्याने यादीतल्या दुर्मीळ पक्ष्यांना घरट्यापाशी उपद्रव होईल असे छायाचित्रण परवान्यावाचून करता येत नाही. आपल्या देशातल्या अनेक छायाचित्रस्पर्धा आता घरट्यांची चित्रे स्वीकारीत नाहीत. बक्षीस नसेल तर निम्मी गर्दी आपोआप ओसरते, असा माझा कयास आहे.

व्याख्यानाची तयारी चालू असताना माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, आमच्या बाल्कनीतल्या जास्वंदीत बुलबुलाने घरटे केले आहे. त्याचेही चित्र घ्यायचे नाही का?" प्रश्न रास्त आहे. जो पक्षी आपण होऊन तुमच्या दाराशी आला, त्याने तुमची रोजची ये-जा गृहीत धरलेली असते. खोलीच्या आतून, काचेआडून, पाने न हलवता, झगझगाट न करता चित्र घेतले तर त्याचे काही बिघडत नाही. पाहुण्यांना बोलावून घरटे दाखवू लागलात की बिघडायला आरंभ होतो. आणि संशोधकाचा प्रश्न खराच नवा असेल, तर त्याने परवानगी काढून, दुरून, जरूर तेवढेच चित्रण करावे. त्याला माझा विरोध नाही. परंतु स्वर्गीय नर्तकाच्या घरट्याची हजारो चित्रे आज आहेत. एक हजार एकावे चित्र काय सांगणार?

माळढोकाचे घरटे असे नसतेच. उघड्या गवताळ माळावर एकच अंडे, आणि मादीला जरा शंका आली की ती उठून जाते. सोलापूरजवळचे नान्नज, आपल्याकडे तेव्हाच्या कर्नूल जिल्ह्यात १९८८ साली स्थापन झालेले रोल्लापाडू, ही या पक्ष्याची माहेरे. तेथून तो जवळजवळ नाहीसा झाला. साऱ्या जगात दीडशेच्या आत उरला असावा, असा अंदाज अभ्यासक देतात. त्याचे माळ गेले, विजेच्या तारांनी त्याचे बळी घेतले. दोष एकट्या कॅमेऱ्याचा नव्हे. पण वर्षाला जेथे एकाच अंड्याचा भरवसा, तेथे कुतूहलाचीही किंमत मोजावी लागते.

आमचे मारुती चितमपल्ली २०२५ मध्ये गेले. वनाधिकारी म्हणून हिंडताना त्यांनी रानाची भाषा मराठीत आणली. बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार', कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' असे शब्द दिले. घरट्यापासून दूर राहूनही घरट्याविषयी किती लिहिता येते, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी त्यांची पुस्तके शाळेच्या ग्रंथालयात अवश्य पाहावीत.

शेवटी एका पक्ष्याची हकीकत सांगतो. जेर्डनचा धाविक, तेलुगूत कलिवि कोडी. १९०० नंतर तो कोणाला दिसला नाही, नष्ट झाला असे मानले गेले. जानेवारी १९८६ मध्ये कडप्पा जिल्ह्यात सोसायटीचे भारत भूषण यांना तो पुन्हा सापडला. त्याच्यासाठी तेथे श्री लंकामल्लेश्वर अभयारण्य झाले. त्याचे एक अंडे २०१३ साली स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहात आढळले. घरट्याचे वर्णन मात्र शास्त्रीय ग्रंथांत नाही. हा रात्री काटेरी झुडपांतून धावणारा लाजरा पक्षी. त्याचा माग काढण्यासाठी अभ्यासकांनी एक साधी युक्ती केली. रानात जागोजाग मातीचे पट्टे मऊ, सपाट करून ठेवले आणि ते निघून गेले. सकाळी येऊन पाहायचे, रात्री त्यांवरून कोण गेले. मातीने त्याचे पाऊल टिपलेले असे.