मनाचा आजार लपवू नका
(हसनाबाद येथे विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितलं, यंदा मनाच्या आजारावर बोलतो. काही जण गालातल्या गालात हसले. हसू द्या. ज्यांच्या घरात हा आजार आहे ती माणसं हसली नाहीत, ती खाली मान घालून बसली. आमचं आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे.

आम्ही जिनिंगमध्ये राबणारी माणसं. डॉक्टर नाही, फार शिकलेलोही नाही. जे मिळेल ते वाचत गेलो. पण रात्रपाळीत माणूस जवळून दिसतो. चांगला धडधाकट गडी अचानक छातीवर हात ठेवून खाली बसतो. छाती धडधडते, दरदरून घाम, घशाला कोरड, हातापायाला मुंग्या. आता आपण मरणार, असंच त्याला वाटतं. दवाखान्यात नेऊन कार्डिओग्राम काढला तर सगळं नॉर्मल. मग बाकीचे म्हणतात, नाटकं करतो, कामचुकार हाय.

नाटक नसतं ते. समोर वाघ आला तर शरीर पळायची तयारी करतं. तीच तयारी वाघ नसताना आपोआप होते, त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. मात्र छातीत दुखलं तर आधी हृदय तपासून घ्यावं, हे विसरू नका. थायरॉईड वाढलं तरी धडधड होते, म्हणून तपासणी पाहिजेच.

आता कोणी म्हणेल, काळजी कोणाला नाही? कापसाला भाव नाही, पोरीचं लग्न, सावकाराचं देणं, शिकलेला पोरगा भरतीच्या मागं फिरून थकलेला. वरून जातीचा जाच, तो तर पाचवीला पुजलेला. खरं आहे. पण साध्या काळजीला कारण असतं आणि कारण सरलं की ती सरते. महिनोन्‌महिने झोप नाही, जेवण जात नाही, कामात लक्ष नाही, चारचौघांत जायची भीती वाटते, असं चाललं तर तो आजार आहे. उदासीचंही तसंच. बाळंतीण बाई लेकराकडे बघत नाही, सारखी रडते, तर तिला आळशी म्हणू नका, बाहेरची बाधाही म्हणू नका.

आणि बाधेवरून आठवलं. आपण गंडेदोरे सोडले म्हणतो, पण घरात असा माणूस निघाला की रात्री गुपचूप गाडी करून सैलानीला नेणारे आपल्यातही आहेत. तामिळनाडूत एरवाडीला दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या खासगी आश्रमात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. तिथले मनोरुग्ण साखळीने बांधलेले होते. पळता आलं नाही. २८ जण गेले. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत काढतो म्हणून मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे.

आपल्या परंपरेत पटाचाराची गोष्ट आहे. नवरा सर्पदंशाने गेला, दोन्ही लेकरं गेली, माहेर गाठावं तर आईबाप आणि भाऊ घर कोसळून गेलेले. ती भान हरपून, अंगावर वस्त्र नसलेल्या अवस्थेत फिरू लागली. लोक वेडी म्हणून हाकलत होते. जेतवनातही लोक तिला अडवू लागले, पण भगवंतांनी तिला जवळ येऊ दिलं आणि बहीण म्हणून हाक मारली. एकाने आपलं वस्त्र तिच्याकडे टाकलं. मग तिने सगळं सांगितलं आणि भगवंतांनी ते ऐकून घेतलं. कोणी भूत काढलं नाही, कोणी दोरीने बांधलं नाही.

मग ध्यान केलं की झालं, असंही काही जण समजतात. आनापान चांगलं, आम्हीही करतो. पण ते औषधाच्या जागी नाही. विपश्यनेच्या शिबिरवाल्यांच्या नियमांतही गंभीर मनोविकार असणाऱ्यांना सावध केलेलं आहे. दारूने तर तात्पुरती भीती दबते आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन येते.

उपचार आहे. काही वेळा नुसत्या बोलण्याच्या उपचाराने, समुपदेशनाने भागतं, काही वेळा गोळ्या लागतात. त्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. इथंच आपले लोक चुकतात, आठ दिवसांत फेकून देतात. बरं वाटलं म्हणून मनानं बंदही करायच्या नाहीत. मेडिकलमधून मनानं झोपेच्या गोळ्या आणायच्या नाहीत, त्यांची सवय लागते.

पूर्वी ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथंच सरकारी मनोरुग्णालयं होती, मराठवाड्याला काही नव्हतं. आता जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा डॉक्टर भेटतो, संभाजीनगरला घाटी आहे. शेतकरी आत्महत्या वाढल्या म्हणून शासनाने २०१५ साली १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प काढला, त्यात मराठवाड्याचे सगळे जिल्हे घेतले. आशाताईंनी घरोघर जाऊन मनाची विचारपूस करायची, असं त्यात ठरलं. आशाताई विचारते तेव्हा 'आमचं समदं बरं हाय' म्हणून दार लावू नका. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही फोनसेवा आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

कोणी 'जगण्यात राम नाही' असं वारंवार बोलायला लागला तर त्याची टिंगल करू नका. सरळ विचारा, जिवाचं काही करायचं मनात येतं का? विचारल्याने ते मनात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटं ठेवू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा, दवाखान्यात न्या. पोलीस धरतील म्हणून घाबरायचं कारण नाही. त्याच २०१७ च्या कायद्याप्रमाणे अशा माणसाला तीव्र ताणाखाली आहे असं धरून उपचार द्यायचे, शिक्षा नाही.

समितीला आमची विनंती आहे, वर्गणीचा हिशेब लिहितो त्या फळ्यावर १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरात लिहावा. आणि दवाखान्यात एकट्याने जायची ज्यांना लाज वाटते त्यांनी आम्हाला सांगावं. जिनिंगला रविवारी सुट्टी नसते, पण पाळी बदलून घेता येते. आम्ही सोबत येऊ.

जयभीम. नमो बुद्धाय.