हवाई सुंदरीचे घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली गृहिणी. भाषणाचा सराव नाही. चुकले तर सांभाळून घ्यावे. माझी धाकटी जाऊ हवाई सुंदरी आहे. तिच्या नोकरीविषयी आपल्यात जे बोलले जाते, ते ऐकून दोन शब्द सांगावेसे वाटले.

लोकांना तिचे नटणे दिसते. रात्री दोनला तिला न्यायला गाडी येते, ते मला दिसते. सण असो की मुलाचा ताप, विमान थांबत नाही. चहापाणी देण्यापुरते तिचे काम नसते; आग लागली तर विझवणे, संकटात प्रवाशांना बाहेर काढणे, हेही तिलाच शिकवलेले असते.

पूर्वी एअर इंडियात हवाई सुंदरीला पहिल्यांदा दिवस गेले की तिची नोकरी जाई. नर्गेश मीर्झा व त्यांच्या सोबतिणी न्यायालयात गेल्या आणि १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र त्या वेळी कायम ठेवली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा झाली. पण रजा संपल्यावर काय? कायदा काही रात्री दूध गरम करायला येत नाही.

माझा पुतण्या दीड वर्षांचा होता. जाऊ चार दिवसांनी घरी आली, तर त्याने माझ्या खांद्यात तोंड लपवले. ती काही बोलली नाही. बॅग दारातच ठेवून मोरीत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. खरे सांगते, मला क्षणभर बरे वाटले होते. मग माझी मलाच लाज वाटली.

त्या रात्री आम्ही सगळे बोललो. तिच्या ड्यूटीचा कागद स्वयंपाकघरात लावला. ती नसेल तेव्हा रात्र आणि सकाळची आंघोळ भावोजींकडे, दुपार माझ्याकडे. ती घरी आली की बाळ तिचे. आम्ही मध्ये पडायचे नाही. पहिल्या आठवड्यात भावोजींनी दोनदा दूध उतू घालवले. आता घालवत नाहीत.

भगिनींनो, ‘आई मूल टाकून जाते’ असे कोणी म्हणाले, तर बाप कुठे आहे, तेही विचारावे. आणि मूल सांभाळणाऱ्या बाईलाही सुटी हवी. आज मी इथे उभी आहे, कारण माझी जाऊ घरी पोळ्या करते आहे.